मोराळे सरांच्या खिशातला चाकू

माणसानं एखादी बिनकामाची वस्तू घेतली की तिचे किस्से आपोआप साठत जातात. कामाच्या वस्तूचे साठत नाहीत. खडूचा एक किस्सा कुणी सांगून दाखवावा! पण मोराळे सरांच्या चाकूवर आमच्या केजच्या कॉलेजची अख्खी स्टाफरूम कितीतरी दिवस चहा पितेय.

सर कॉमर्स शिकवतात. नोकरी पर्मनंट, रान बागायती, तरी लग्न काही जमेना. मुलींकडून निरोप यायचा, मुलगा जुनाट वाटतो. मग सरांनी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं की खऱ्या जंटलमनच्या खिशात घडीचा चाकू असतो. लगेच मागवला.

लाकडी मूठ, खिशाला अडकवायला क्लिप, अंगठ्यानं ढकललं की टक्कन पातं बाहेर. आमचा क्लार्क गोविंद बघतच राहिला. म्हणाला, सर, यानं कापायचं काय?

"हे कापायसाठी न्हाई बे. जवळ ठेवायसाठी हाय."

* * *

एका मॅडमच्या निरोप समारंभात साडीच्या खोक्याची सुतळी सुटेना. सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, सुतळीनं धार जाते. शेवटी प्राचार्यांनी दातानं तोडली. फोटोत मॅडमच्या हातात खोकं आहे, प्राचार्यांच्या तोंडात सुतळी आहे आणि बाजूला सर, क्लिप दिसेल असे उभे.

* * *

गावातल्या एका भाऊंचा वाढदिवस. भाऊ दरसाल तलवारीनं केक कापतात. औंदा पोलिसांनी आधीच तंबी दिली होती, आणि साध्या सुरीनं कापला तर कार्यकर्त्यांची इज्जत जाते. कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. खुद्द भाऊंचा फोन आल्यावर सर काय नाही म्हणणार!

केक तीन मजली, पातं बोटभर. भाऊ बराच वेळ झगडले. व्हिडिओ बघून त्यांचाच एक कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ नखं काढायलेत असं वाटायलंय."

व्हिडिओ डिलीट झाला. चाकू क्रीमसकट परत आला.

* * *

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. सरांच्या आईनं विळा, कुऱ्हाड आणि मधोमध हा चाकू मांडला. हळद, कुंकू, अक्षता, वरून पाणी; सगळं खाचेत गेलं. चाकू मिटला तो उघडेचना. सर चिडले तर आई म्हणाली, बरं झालं, आता कुणाला लागायचा तरी न्हाई.

सरांनी त्यात खोबरेल सोडसोड सोडलं. सुटला एकदाचा, पण उघडला की देवघराचा वास यायचा.

* * *

परळीची मुलगी बघायला मी सरांसोबत गेलतो. मुलगी पोलीस शिपाई. सरांच्या आईनं जीपमध्येच सांगून टाकलं होतं, हे शेवटचं स्थळ, यापुढं मी दारोदार हिंडायची न्हाई. सरांचा चेहरा पडला होता.

त्यात खुर्चीवर बसताना खिशातला चाकू टणकन फरशीवर पडला. आपल्या जिल्ह्याचं नाव आधीच असं झालंय की पाहुण्याच्या खिशातून चाकू पडला तर लोक आधी दार बघतात.

मुलीनं तो उचलला. अंगठ्यानं टक्कन उघडला.

"कावून बाळगता?"

सरांनी रिकामा खिसा चाचपला. वेळ निभावून न्यायला त्यांच्या आईनं आपला नेहमीचा प्रश्न काढला, पोरीला सैपाक येतो का?

येतो की, म्हणत मुलगी आत गेली. ताटात दोन कांदे घेऊन आली. ताट सरांच्या मांडीवर ठेवलं, वर चाकू ठेवला.

"पव्ह्यांचा कांदा तेवढा राहिलाय. करा सुरू."

आई कळवळून म्हणाली, त्यानं आजवर चहाचा कप सुदिक उचलला न्हाई, माय. मुलगी समोर स्टूल ओढून बसली.

सर चिरू लागले. डोळ्यांना धारा. एक फोड बोटाएवढी, तर दुसरी कागदासारखी. मुलीचे वडील खिडकीबाहेर बघत होते. मला सरांची अशी दया आली की मीही तिकडंच बघू लागलो.

दुसरा कांदा संपल्यावर मुलीनं ताट ओढून घेतलं, फोडी चिवडून बघितल्या आणि आत जाता जाता म्हणाली,

"पुढच्या येळी जरा बारीक चिरा."