जवसाचं तेल प्यालेली मोटार

सयाजीला बस म्हटलं की तो उभा राही, आणि उभा राहिला की चालू लागे. जेवायला मांडी घालून बसला तरी त्याचं उजवं पाऊल आपलं हलतच असायचं, काहीतरी दाबत असायचं.

"तितं काय ब्रेक हाय का?" रंभा, त्याची बायको, विचारायची.

मिसरूड फुटायच्या आत तो कुरुळीच्या पाटलांच्या मोटारीवर ड्रायव्हर झाला, आणि तिथंच त्याचं बिघडलं. थोरल्या पाटलांना खेडला, पुण्याला, कधी नाशकाला न्यायचा. रस्ता अंगात मुरला. मग लढाई पेटली, पेट्रोल मिळेना झालं. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत मोटार दगडांवर चढवली आणि सयाजी देहूरोडच्या डेपोत लष्करी लॉरीवर गेला. लढाई संपली, लॉऱ्या गेल्या, थोरले पाटीलही गेले. पुढं त्यानं कांद्याच्या वखारीत हमाली केली, वीटभट्टीवर राबला, मोशीला एकाचा इंजिनपंप सांभाळला. कुठंच वर्ष भरलं नाही. मालक काढायचा नाही. हाच एक दिवस उठायचा आणि जायचा बंद व्हायचा.

आता पिंपरीकडं कारखाने उभे राहत होते. रंभाच्या भावानं एका साहेबाच्या कानावर घालून ठेवलं होतं. सोमवारपासून मशीनवर उभं राहायचं.

"दिसभर एकाच जागी?" सयाजीनं विचारलं.

"मग काय मशीन डोक्यावर घिऊन गाव हिंडनार?" रंभा म्हणाली. "माणसासारकं ऱ्हावा की जरा. मला बी सांगता येऊं द्या, माजा नवरा काय करतो ते."

तिचं खोटं नव्हतं. पण त्याच आठवड्यात धाकट्या पाटलांनी, दौलतरावांनी, पडवीत कांदा भरायचा म्हणून मोटार भंगारात काढली, आणि सयाजी चपला न घालताच त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला.

"मला द्या. चाकण ते खेड शिटा मारतो. तुमचा वाटा पोचता करीन."

दौलतराव पान जुळवता जुळवता हसले. "चालतीय कुटं ती? बरं, असं करू. शनिवारच्या बाजारात भंगारवाला येनार हाय. त्याच्या आदी तिच्या पायानं चाकणात आन. आनलीस तर तुजी. न्हाई तर गुमान म्हशीनवर जायाचं."

झालं. त्या दिवसापासून सयाजीचा डोळ्याला डोळा लागेना.

मोटारीवर कोंबड्या बसत होत्या. गाद्यांतला काथ्या उंदरांनी नेलेला. त्याची त्याला फिकीर नव्हती. लॉरीवाल्या दोस्ताकडून बॅटरी मागून आणली, टाकी धुतली, तीन चाकांत जुन्या ट्यूबा ठिगळं लावून बसवल्या, चौथ्यात गवत ठेचून भरलं. मग हँडल घातलं आणि फिरवलं. हँडल हललं नाही. दोन्ही हातांनी लोंबकळला, तरी नाही. इंजिन दगडासारखं धरून बसलं होतं.

मोटार ठेवताना त्यानं प्लग काढून घरी नेले होते आणि त्यांच्या चार भोकांत चिंध्या कोंबल्या होत्या. त्या चिंध्या ओढल्या, आत बोट घातलं. बोटाला लाखेसारखं तांबूस काहीतरी लागलं. त्यानं वास घेतला.

"तात्या!" तो ओरडला. "अवो तात्या, हितं जवसाचं त्याल कुनी वतलं?"

भिमाजीतात्या म्हणजे पाटलांचा बैलांवरचा म्हातारा गडी. तो वैरण टाकायची थांबवून आला.

"मीच की. कुनाची टाप हाय?"

"कवा?"

"दर पोळ्याला. बैलांस्नी नळकांड्यानं त्याल पाजतो, मग हिला बी पाजायचो. थोरल्या पाटलांची गाडी ती. बैलं प्याली आन हिनं उपाशी ऱ्हायाचं व्हय? चार तोंडं हायत, चारीत येकेक नळकांडं." तात्यानं मोटारीच्या टपावर हात फिरवला. "एक साल चुकवलं न्हाई बग."

सयाजी मटकन खाली बसला. त्याच्या आयुष्यात तो असा क्वचितच बसला असेल. जवसाचं तेल सुकलं की त्याची लाख होते. दर सालची एक लाख, एकीवर एक.

"तात्या, तुमी माजा गळा कापला."

"आँ? मी काय केलं? त्याल पाजलं तर गळा कापला?"

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. सयाजी उठला, पडवीबाहेर गेला, हमरस्त्यापर्यंत तरातरा चालत गेला, तसाच परत आला आणि चारी भोकांत घासलेट ओतलं. दुसऱ्या दिवशी काढलं, नवं ओतलं. इंजिनाखाली गोवऱ्यांचा विस्तव सारून शेक दिला. रंभा कोरड्यास-भाकरी घेऊन आली, तिनं तो निखारा बघितला.

"बाळंतीन हाय का काय ही?"

सयाजी हसला नाही. गुरुवार उलटला होता आणि हँडल तसूभरसुद्धा हललं नव्हतं.

शुक्रवारी तात्या आपणहून बैलजोडी जुंपून आला. सयाजीकडं बघेना; दोर मोटारीला बांधला आणि म्हणाला, "तू गेर का काय म्हनतोस त्यो टाक. आमी वडतो."

बैलांनी जोर केला. मोटार गिअरमध्ये, मागची चाकं फिरायला तयार नाहीत, मातीत नुसती फरफटत निघाली. गोठ्यापासून चिंचेपर्यंत दोन चर पडले. "हैक! हैक रं राजा!" तात्याचा आवाज बसला. उतारावर आली आणि पोटातून कडकन आवाज झाला. सयाजीला वाटलं, मोडलं. पण चाकं फिरत होती. चाकांबरोबर आत इंजिन फिरत होतं.

त्यानं भोकातून आत डोकावलं. घासलेटानं लाख विरघळली होती आणि खाली लोखंड आरशासारखं लखलखत होतं. एवढे पावसाळे गेले, पडवी गळकी, आणि आत गंजाचा ठिपका नाही. तो तात्याकडं बघत राहिला. मग हात पुसत वळला. त्याला प्लग बसवायची घाई झाली होती.

शनिवारी सकाळी मोटार पेटली. असला निळा धूर सोडला की बैल दावं तोडून पळाले, आणि आख्ख्या आळीत जवसाची चटणी करपल्यासारखा वास सुटला. सयाजी निघाला. गवताचं चाक लंगडत होतं, पाणी उकळत होतं, पण तो थांबला नाही. थांबली तर लाख परत धरील, ही एकच धास्ती.

बाजारात दौलतराव कांद्याच्या ढिगाशी उभे होते. शेजारी भंगारवाला. मोटार धडधडत पुढ्यात आली तशी माणसं बाजूला पांगली.

"आनली की रं!" दौलतराव म्हणाले.

भंगारवाला मात्र मुरलेला होता. "पाटील, ढकलून पेटवलेली गाडी कुणीबी आणतो. बंद करून परत चालू करा म्हणावं."

सयाजीनं चावीवरचा हात मागं घेतला. दौलतरावांनी भुवई उचलली. "कर की. का भ्या वाटतंय?"

त्यानं बंद केली. एवढ्या बाजारात त्याला एकदम काहीच ऐकू येईना. तो उतरला, हँडल घातलं. एक हिसका. हललं, पण जड. दुसरा हिसका. आणखी जड. भंगारवाल्यानं हसून बिडी काढली. गर्दीतून रंभा पुढं आली होती, हातात बाजाराची पिशवी.

सयाजीनं दात आवळले आणि सगळं अंग हँडलवर टाकलं. मोटार खोकली, शिंकली आणि सुरू झाली.

"ने बाबा," दौलतराव कानांवर हात ठेवून म्हणाले. "आदी हितनं ने."

"खेड! चला खेड!" त्यांचं बोलणं संपायच्या आत सयाजी ओरडायला लागला. दोन बाया बोचकी घेऊन चढल्याही.

रंभा खिडकीशी आली. "सोमवारचं भावाला काय सांगू?"

"सांग, खेडला गेलाय. तू बी बस की. चक्कर मारू."

"मला कुरुळीला जायाचं हाय. पीठ मळायचंय." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमी जावा. सांच्याला आलात, तर भाकरी हाय."