विहिरीतली तपासणी

सोलापुरात राहून समुद्राखाली बुड्या मारायचा छंद लावून घ्यायचा, याला काय म्हणावं? हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरं असावं. मालवण एका टोकाला, माझा रेग्युलेटर दुरुस्त करणारा माणूस पुण्यात, आणि मी इथे, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ.

रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र. त्याचं सर्व्हिसिंग दरवर्षी करावं लागतं. "पण यंदा तो पाण्यात गेलाच नाही हो," असं मी एकदा फोनवर कुरकुरले, तर पुण्याचा तो माणूस म्हणाला, "मॅडम, कपाटात ठेवलं तरी रबर म्हातारं होतंच." फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

हे काम निघायच्या तोंडावर करायचं नसतं. महिनाभर आधी करायचं आणि एकदा पाण्यात उतरून बघायचं, म्हणजे गळती निघालीच तर परत पाठवायला वेळ राहतो. पण मी जाणार की नाही, हे महिनाभर आधी कुठे ठरलेलं असतं? मी जायचं तर वडिलांपाशी राहायला भावाने पुण्याहून यायला हवं. दरवर्षी तो हो म्हणतो, मी सर्व्हिसिंग करून घेते, आणि आयत्या वेळी त्याचं काहीतरी निघतं.

यंदाही तो हो म्हणाला. रेग्युलेटर पुण्याला जाऊन आला. एका रविवारी शेजारच्या काकूंना वडिलांपाशी बसवून मी मंद्रूपला चुलतभावाच्या विहिरीवर गेले. हवा भरलेली टाकी त्यानेच जीपमधून आणून ठेवली होती. माझ्या कमरेला दोर बांधत तो म्हणाला, "लई येळ लावू नको, ताई."

खाली हिरवट अंधार होता. श्वास नीट येत होता, कुठे बुडबुडे सुटत नव्हते. तपासणी झाली होती, तरी मी बुडालेल्या पायरीला धरून बसून राहिले. पाण्याखाली कुणी हाक मारत नाही. औषधाची वेळ होत नाही, चादर बदलायची नसते. मासे, प्रवाळ हे सगळं लोकांना सांगायला. मला खरं तर एवढंच हवं होतं. दोराला झटका बसला तेव्हा मला चक्क राग आला.

निघायच्या आठवड्यात भावाचा फोन आला. "या वेळी खरंच जमत नाहीये गं. पुढच्या महिन्यात बघू."

मी भांडले नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो. वडील पलंगावरून सगळं ऐकत होते. मी त्यांची कूस बदलून दिली आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "अण्णा, रविवारी मंद्रूपला जाऊन येते. रेग्युलेटर अजून एकदा तपासायचाय."

रविवारी परतले तेव्हा ऊन उतरलं होतं, केस अजून ओलेच होते. वडील जागे होते.

"झालं का तपासून?"

"नाही, थोडं राहिलंय."

त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग फुडच्या रविवारी बी जा की. मी हाय हितंच."