बैलबंडीचं वळण आणि जर्मन रेल्वे

कंट्रोलरचं बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि सगळं ठप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. टेबलावर दोन चिमुकली इंजिनं उभी, टेबलाखाली मी आडवी. अड्याळची मंडई दुसऱ्याच दिवशी होती.

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. घरोघरी पाहुणे, नाटक, आणि जमलंच तर एखादं लग्नही ठरतं. त्या वर्षी माझंच ठरवायचं चाललं होतं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी पवनीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाइकं यायची, मेकॅनिक कुठं गेला म्हणून मलाच विचारायची आणि परत जायची. बाबा म्हणाले, मंडईपर्यंत दुकान चाललं तर ठीक. नाहीतर कोंढ्याचे पाहुणे तुला बघायला येतच आहेत.

अशात अड्याळच्या राईस मिलवाल्या दौलतकाकांनी बोलावलं. त्यांच्या जर्मनीतल्या पुतण्याने मॉडेल रेल्वेचा डिजिटल संच आणला होता. तो मंडईत मिलच्या फाटकाशी मांडायचा. गाडी चालली तर मिलच्या मोटारींच्या कंट्रोल पॅनेलचं काम माझ्याकडे. एवढं गिऱ्हाईक मिळाल्यावर बाबांची काय बिशाद!

डिजिटल म्हणजे काय, ते सांगते. साध्या खेळण्यात रुळातला करंट उलटला की इंजिन उलटं धावतं, आणि रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच पळतात. इथं त्याच दोन रुळांतून करंटही जातो आणि हुकूमही. प्रत्येक इंजिनाला नंबर. पोस्टमनने गल्लीत नाव पुकारावं आणि ज्याचं पत्र त्यानेच दार उघडावं, तसं. मॅन्युअल जर्मनमध्ये होतं. मी पानं उलटत मान डोलवायचे, म्हणजे काकांना वाटावं, पोरगी वाचून राहिली.

मी टेबलाखालच्या सगळ्या वायरी उपटून नव्याने जोडल्या. लाल दिवा. मग रूळ ठोकणाऱ्या सुताराच्या खिळ्यांवर आळ घेतला, खिळे काढले. लाल दिवा.

काका खुर्ची ओढून बसले. "काल तं सरळ रुळावर मस्त धावली. गोल वळण टाकलं अन् रुसली. काहून?"

"वळण कायले टाकलं, काका?"

"मंग वापस कशी येईन? बैल का उलटा चालते? बंडी वळवाच लागते ना, पोरी."

त्यांनी रुळाच्या टोकाला बंडी वळवतात तसा फेरा दिला होता. गाडीने रूळ जिथं फुटतात त्या सांध्यातून आत जायचं, गोल फिरून त्याच सांध्यातून बाहेर यायचं. मी डाव्या रुळावर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. फेरा संपला तेव्हा बोट उजव्या रुळावर होतं. दोन्ही रूळ एकमेकांना भिडलेले, म्हणजे शुद्ध शॉर्ट सर्किट. आणि डिप्लोमावाली बाई ते टेबलाखाली शोधत होती!

फेऱ्याची दोन्ही टोकं कापून मी मध्ये प्लॅस्टिकचे जोड घातले. फेऱ्याला वेगळ्या वायरी दिल्या, त्यांना एक टॉगल स्विच. गाडी फेऱ्यात असतानाच स्विच टाकून तिथल्या रुळांचा करंट उलटायचा, म्हणजे बाहेर पडताना पुढच्या रुळांशी तो जुळतो. लाल दिवा विझला. पण करंट उलटला की मोटार उलटी फिरते, हे तर मी पाठ करून पास झालेली. इंजिन मागे फिरून स्वतःच्याच डब्यांना ढकलत रुळावरून खाली घालेल, असं मला वाटत होतं. यात रात्र गेली, मंडईचा दिवस उजाडला; करून बघायला वेळ नव्हता. सोल्डरचे टाके गरम असतानाच गर्दी जमली. पुढच्या रांगेत बाबा, आणि शेजारी कोंढ्याचे पाहुणे.

गाडी फेऱ्यात शिरली. मी स्विच टाकला.

इंजिन थबकलंसुद्धा नाही. पायाखालचा करंट उलटा झाला, आणि ते आपलं चाललंय पुढेच. त्याला पुढे जा म्हटलं होतं, तेवढंच त्याने ऐकलं होतं. सांध्यातून बाहेर आलं, तोवर दुसरं इंजिन स्टेशनात गुमान उभं. मी स्वतः जोडलेलं, तरी अंगावर काटा आला. इतकी वर्षं झाली, दोन वायरींतून हुकूम जातो म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं तसं पुन्हा कधी कळलं नाही. गर्दीतल्या एका म्हातारबाने टेबलाचं फडकं उचलून खाली कोण दोरी ओढतंय ते पाहिलं.

पाहुण्यांनी घसा खाकरून विषय काढला. बाबांची नजर गाडीवरून हलेना.

"पोरगी कामात आहे," ते म्हणाले. "पुढच्या मंडईले या."

मिलचं पॅनेल मिळालं, दुकान राहिलं. तेव्हापासून कुठलाही फॉल्ट असो, आधी बोट फिरवते, वायरी नंतर उपटते.

पाहुणे मात्र शब्दाचे पक्के निघाले. पुढच्या मंडईला आले. त्यांच्यातला एक अजून माझ्या दुकानात बसून टाके बिघडवतो.