भरताला धुराचा वास

भरीत माझ्या आईने ठेचलं होतं. ते त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत फेकून दिलं.

थंडीचे दिवस. जळगावातली एक चांगली कॉलनी, तिच्या मधोमध एक मोकळा प्लॉट, कलती संध्याकाळ. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून त्यांवर वांगी टाकलेली. आमच्या खानदेशात थंडी पडली की भरीत-पार्टी ठरलेलीच असते. शेतात जमलं नाही तर शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर. त्या कॉलनीत मी घर घेत होते. साठेखत झालं होतं, खरेदीखत तेवढं राहिलं होतं. म्हणून कॉलनीचे अध्यक्ष, ज्यांना तिथे सगळे आबा म्हणतात, त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. "आईंना घेऊन या. सगळ्यांची ओळख होऊन जाईल."

झाली ओळख.

आई हौसेने आली होती. ठेवणीतलं पातळ नेसून. बायका वांगी सोलत बसल्या होत्या. आईला हात बांधून बसता येत नाही, कुणाच्या लग्नात गेली तरी ती भाजी निवडायला बसते. तिने पदर खोचला, मोठी लाकडी काठवट पुढ्यात ओढली, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून वांगी ठेचायला लागली. आबांची थोरली बहीण, अक्का, खूश होऊन तिच्या शेजारी येऊन बसली.

"तुमना हातले सवय शे," अक्का म्हणाली. आणि मग आमच्याकडे विचारतात ते तिने विचारलंच. "गाव कोनतं तुमनं?"

आईने शिरपूरकडचं आमचं गाव सांगितलं.

"आरे वा! तठे आमना सोयरा शेतस. तुमनं घर कोठे? पाटीलवाडामा का?"

"नही वं माय," आई ठेचता ठेचता म्हणाली. "नदीकडे. भीमनगरमा."

अक्का उठली. गुडघ्यांना हात लावत बसलेली बाई, पण उठली मात्र चटकन. आबांच्या कानाशी लागली. आबांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते हसले. दात न दाखवता, नुसते ओठ ताणून. मग दोन बायका आल्या आणि त्यांनी आईच्या पुढ्यातली काठवट उचलली.

"मावशी, राहू द्या आता. याला धुराचा वास लागलाय."

धुराचा वास. भरताला! अरे, पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार? त्या वासासाठीच तर भरीत खातात. खोटं बोलायचं तर निदान जरा डोकं लावून बोलावं. पण आमच्याशी खोटं बोलायला डोकं लावायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

कुंपणापाशी झाड लावायला खणलेला खड्डा होता. त्यात त्यांनी काठवट उपडी केली. काठवट धुवायलासुद्धा नेली नाही, तिथेच खड्ड्याच्या कडेला टाकली. दुसरी वांगी निखाऱ्यावर ठेवली. थोड्या वेळाने पंगत बसली. सगळ्यांना स्टीलची ताटं. आम्हा दोघींना कागदी प्लेट.

मी आईचा दंड धरला आणि आम्ही निघालो. कोणी थांबवलं नाही. आई गाडीवर माझ्या मागे बसली. तिच्या हातांना मिरचीची आग होत असणार, हात धुवायलाही कोणी पाणी दिलं नव्हतं. मग ती माझ्या पाठीशी वाकून म्हणाली,

"मनं काही चुकनं का वं बेटा?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला पुढचं दिसेनासं झालं होतं. रडू नव्हतं ते. संताप होता. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, मला शिकवलं, जी खोटं बोलली नाही, तिने मला विचारावं, माझं काय चुकलं? आणि ज्यांनी भरीत फेकलं, ते तिकडे मिटक्या मारत दुसरं भरीत खात असावेत?

त्या रस्त्याच्या कडेला मी ठरवलं. घर तिथेच घ्यायचं. आता तर तिथेच.

मी कोण ते सांगते. मी नर्स आहे. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली, मग जळगावला बदली झाली. घरात मी आणि आई, दोघीच. नवऱ्याची गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको. नर्सिंगला जळगावातच शिकले तेव्हा हॉस्टेलवरून कॉलेजला जायचा रस्ता याच कॉलनीतून होता. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी कडुनिंब, प्रत्येक ओट्यावर झोपाळा. झोपाळ्यावर बसून चहा पिणाऱ्या बायका. मला त्या बायकांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. आमच्या वस्तीत पाण्याच्या टाकीपाशी भांडणं व्हायची आणि इथे लोक नळीने झाडांना पाणी घालायचे. आपलं घर झालं तर इथे, हे तेव्हाच मनाशी धरलं होतं.

म्हणून बदली झाल्यावर एजंटला सांगितलं, दुसरीकडचं दाखवूच नको. त्याने नानांचं घर दाखवलं. नाना म्हणजे घरमालक, निवृत्त माणूस, मुलाकडे पुण्याला चालले होते. ओटा, झोपाळा, मागे लिंबाचं झाड. आईने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि बंदच करेना. मला आणखी काही बघायचं नव्हतं.

आमचं आडनाव असं, की खानदेशात ते चार जातींत सापडतं. कॉलनीने त्यांच्या सोयीची जात धरून टाकली. आबा एजंटला म्हणाले होते, "बाई एकटी आहे, पण घरंदाज दिसते." मी काही लपवलं नाही. मला कोणी विचारलंच नाही. घर घ्यायला पगाराची स्लिप लागते, बँकेचं कर्ज लागतं, ते सगळं मी दाखवलं. जात दाखवावी लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चूक त्यांची होती आणि शिक्षा आम्हाला.

भरताच्या दुसऱ्याच दिवशी एजंटचा फोन. सुरुवात नेहमीची, ताई कशा आहात, आई कशा आहेत. मग म्हणाला, "ताई, नानांच्या मुलाचं मन बदललंय. वास्तूत दोष निघालाय म्हणे. तुमचा इसार परत देताहेत."

"दोष काल संध्याकाळनंतर निघाला का?" मी विचारलं.

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही सुशिक्षित आहात ताई, समजून घ्या. कॉलनीत सगळे कुटुंबवाले आहेत, एकट्या बाईला अवघड जातं. महामार्गापलीकडे नवीन प्लॉट पडलेत. तिथे तुमचेच लोक जास्त आहेत. तुम्हाला घरच्यासारखं वाटेल."

घरच्यासारखं! काल घरंदाज होते, आज एकटी बाई झाले. मी त्याला म्हटलं, "भाऊ, इसार मी घेणार नाही. साठेखत नोंदवलेलं आहे. नानांना सांग, खरेदीखत करून द्या, नाहीतर कोर्टात या. आणि आईच्या पुढ्यातलं भरीत का उचललं, ते मी पोलीस ठाण्यात जाऊन सांगणार आहे. तिथे तुम्ही सगळे धुराच्या वासाचं सांगा. साहेबही खानदेशातलेच असतील, त्यांना भरीत कळत असेल."

फोन ठेवल्यावर भीती होतीच. पण त्या भीतीपेक्षा वर काहीतरी होतं आणि ते मला आवडत होतं. आजवर मी किती वेळा गिळलं होतं. धुळ्यात वॉर्डात एक पेशंट माझ्या हातचं पाणी घ्यायचा नाही, दुसऱ्या नर्सला बोलवा म्हणायचा. मी बोलवायचे. म्हणायचे, आजारी माणूस आहे, जाऊ दे. जळगावला आल्यापासून त्या कॉलनीतल्या कितीतरी लोकांना मी सलाईन लावलं असेल, शीर शोधताना त्यांचे हात हातात धरले असतील. तेव्हा कोणी गाव विचारलं नाही. दुखत असतं तेव्हा यांना कुणाचाही हात चालतो. भरताला चालत नाही.

आता जाऊ दे नाही.

नाना स्वतः आमच्या भाड्याच्या खोलीवर आले. बिचारे खुर्चीच्या कडेवर बसले. आईने चहा ठेवला. मी बघत होते, पितात का. प्यायले, पण घाईघाईने, जीभ भाजेल असे.

"ताई, मी मधल्यामध्ये मरतोय," ते म्हणाले. "माझं काही नाही. पण आबा म्हणतात, हे घर त्या बाईंना दिलं तर आमच्या दारी येऊ नका. आमचा सगळा गोतावळा इथेच आहे. नातीचं लग्न करायचंय."

"नाना, त्यांच्या दारी जायचं म्हणून तुम्ही माझं दार बंद करणार?"

"तसं नाही..."

"तसंच आहे."

आईने नानांचा रिकामा कप उचलला आणि ती आत गेली. नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली असेल. वाटली असली तरी मला तिचा उपयोग नव्हता. मला खरेदीखत हवं होतं. मी वकिलाची नोटीस त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, पुण्याला जाऊन स्वस्थ राहायचं की तारखांना जळगावला यायचं, ते तुम्ही ठरवा.

म्हाताऱ्या माणसाशी मी असं वागले. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

खरेदीखत झालं. रजिस्ट्रार कार्यालयात नाना माझ्याकडे न बघता अंगठा लावून गेले. आबांनी मात्र मला घरी बोलावून घेतलं. शेवटचा प्रयत्न. ओट्यावर चार-पाच माणसं बसलेली, मला प्लास्टिकची खुर्ची.

"आमचा काही आक्षेप नाही बरं का ताई," आबा म्हणाले. "पण तुम्हालाच इथे करमणार नाही. आमची माणसं जुन्या विचारांची आहेत."

"भरीत का फेकलं, आबा?"

"कोणी फेकलं? त्याला वास लागला होता. तुम्ही फारच मनाला लावून घेतलं."

"हो, लावून घेतलं. आणि ते तुम्हाला महागात पडेल."

एवढी माणसं होती ओट्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितलं आणि त्यांनी नजर खाली घातली. काय सांगू, फार बरं वाटलं. लोक म्हणतात सूड वाईट. म्हणणाऱ्यांच्या आईपुढची काठवट कोणी उचलली नसेल.

आम्ही राहायला गेलो. पाटीवर आईचं नाव घातलं, मोठ्या अक्षरांत, खाली गावाचं नाव. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो असा लावला, की फाटकातून दिसेल. चौदा एप्रिलला कडुनिंबापासून गच्चीपर्यंत निळ्या माळा सोडल्या. वस्तीतले लोक आले, बायकांनी ओट्यावर गाणी म्हटली, आईने सगळ्यांना जेवू घातलं. समोरच्या घराने खिडक्या लावून घेतल्या. लावू देत. त्यांनाच उकडलं असेल.

मला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. भिशीत घेत नाहीत. आमच्या फाटकापुढे मुद्दाम गाड्या लावायचे, मी चाकांतली हवा सोडायला लागल्यावर बंद झालं. माझे सहकारी म्हणतात, शेजाऱ्यांशी गोडीने घे, हळूहळू बदलतील. मी त्यांना बदलायला गेलेले नाही. मी तिथे चांगली शेजारीण म्हणून राहायला गेलेले नाही. मी त्यांना रोज सकाळी दिसायला गेले आहे.

आता समोरचं घर विकायला निघालंय. खिडक्या लावणारे कंटाळले. एजंटने पहिला फोन मला केला, त्यालाही आता कळलंय की गिऱ्हाईक माझ्याकडे आहे. माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा आहे, सातपुड्याच्या पायथ्याचा, पावरा आदिवासी. बायकोही नोकरीला. कर्ज मंजूर होऊन बसलेलं, पण घर दाखवायला कोणी तयार नाही. मी त्यांना दाखवलं. त्यांना आवडलं. एजंट मला म्हणाला, "ताई, तुम्ही बदला घेताय का?"

"हो," मी म्हटलं.

हे कळल्यावर आबा काल आमच्या फाटकाशी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत, बाहेरूनच बोलले. "ताई, झालं ते झालं. आमचं चुकलं म्हणा. पण आता मन मोठं करा. कॉलनीचे भाव पडतील हो."

त्यांचं चुकलं ते त्यांना भाव पडायला लागल्यावर कळलं. आईच्या हातांना मिरची झोंबत होती तेव्हा नाही.

"पडू द्या भाव," मी म्हटलं. "पडले तर आमच्या लोकांना घेणं सोपं जाईल. आणि माझं मन मोठं करायला येऊ नका, आबा. ते मी मोठं करणार नाही. मला या गल्लीत एक घर पाहिजे होतं. तुम्ही भरीत फेकलं नसतं तर तेवढ्यावर भागलं असतं. आता मला आख्खी गल्ली पाहिजे."

ते गेले. समोरच्या घराचं साठेखत परवा आहे. त्याच्या शेजारचे काका-काकूही मुलीकडे नाशिकला जायचं म्हणताहेत. एजंटला मी सांगून ठेवलंय.