चेमाचा गुडघा आणि अण्णांचं पाणी

आमचा क्लब बंद पडला तेव्हा बस विकली गेली, ऑफिसच्या जागी जिम आली आणि उरलेल्या जर्सी ज्यानं त्यानं घरी नेल्या. माझ्या वाट्याला किस्से आले. ते कुणाला विकता येत नाहीत आणि टाकूनही देता येत नाहीत. गावी चार मित्र बसले की कुणीतरी म्हणतंच, "दत्ता, त्या स्पॅनिशचं सांग की." मी सांगतो. हसणारे हसतात. मला हल्ली सांगताना हसू येत नाही.

मी बोरी बुद्रुकचा. पुण्यात एका फुटबॉल क्लबात खेळाडूंचे बूट, कपडे, बर्फ, पट्ट्या सांभाळायला होतो. चेमा तिथला स्पॅनिश मिडफिल्डर. मिडफिल्डर म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून मागच्यांचा बॉल पुढच्यांना पोचवणारा माणूस. पेपरात नाव येतं ते पुढच्याचं, गुडघे जातात ते मधल्याचे.

*

पहिल्याच दिवशी त्यानं मला आपलं अख्खं करिअर सांगून टाकलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळं आमचं लगेच जमलं.

"लहानपणी मोठा क्लब. मोठ्या स्टेडियममध्ये एक मॅच, शेवटची पाच मिनिटं. मग छोटा क्लब. मग त्याहून छोटा. मग सायप्रस. मग तू."

शेवटचं बोट माझ्याकडं होतं.

मग त्यानं दार लावलं आणि उजव्या गुडघ्याची पट्टी सोडली. गुडघ्यावर ऑपरेशनच्या जुन्या खुणा होत्या, एकावर एक. रोज बर्फ लागेल म्हणाला, आणि क्लबच्या डॉक्टरला कळता कामा नये. मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून बर्फ न्यायला लागलो. कोच एकदा डबा बघून म्हणाला, "हा रोज आइस्क्रीम खातो आणि याचं पोट सुटत नाही. आमचंच नशीब खोटं!"

*

मॅचच्या आधी चेमा मैदानावर पाणी मारायला लावायचा. आमचा माळी जाम वैतागायचा. गवताला सकाळीच पाणी दिलंय, आता परत कशाला?

चेमा त्याच्या खांद्यावर हात टाकून समजवायचा. स्पेनमध्ये सगळीकडं असंच करतात. गवत ओलं असलं की बॉल पळतो. आणि मग शेवटचं वाक्य हिंदीत, जे त्याला बसमध्ये कुणीतरी शिकवलं होतं: "बॉल भागता है, मैं नहीं भागता."

माळी हसायचा आणि पाइप जोडायचा. मी हसायचो नाही, कारण आइस्क्रीमच्या डब्यात काय असतं ते मला ठाऊक होतं.

*

सुट्टीत मी त्याला गावी आणला. आईनं मासवडी आणि रस्सा केला. त्याचे डोळे गळत होते, नाक गळत होतं, पण त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं. आई म्हणाली, "ह्यो घरचाच हाय."

आमच्याकडं बिबट्याचं भय. अण्णा, म्हणजे माझे वडील, उसाकडं जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून जायचे, कारण बिबट्या मान धरतो. चेमानं तो पट्टा हौसेनं आपल्या गळ्यात घातला आणि फोटो बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, "हा कुठल्या लीगचा नियम आहे? घरी ये."

संध्याकाळी अण्णांनी माझ्यामार्फत विचारलं, "पावणं, तुमच्याकडं मॅचच्या आदी काय पूजाबिजा करत्यात का?"

चेमा म्हणाला, "पाणी मारतात." आणि बॉल भागण्याचं आपलं वाक्य ऐकवलं.

अण्णांना ते फार पटलं. "म्हंजी आपल्यावानीच की. आमी बी पेरायच्या आदी रान वलवतो."

त्या दिवसापासून दोघांना माझी गरज उरली नाही. एक मराठीत बोलायचा, दुसरा स्पॅनिशमध्ये, आणि दोघं तासन्‌तास बांधावर.

*

सीझन संपत आला तेव्हा मॅनेजरनं चेमाला बोलावलं. अजून एक वर्ष ठेवू, पण पुढच्या आठवड्यात मेडिकल पास व्हायला पाहिजे.

चेमाला ते एक वर्ष हवंच होतं. त्याची लेक आता कळती झाली होती. तिनं बापाला खेळताना कधी स्टेडियममध्ये बघितलंच नव्हतं, ती बघायला लागेपर्यंत बाप बेंचवर गेला होता. पुढच्या सीझनला ती पुण्याला येणार होती. "एकदा तिनं बघावं. मग गुडघा कुत्र्याला घाल," म्हणाला.

त्यानं आठ दिवस गुडघा जपायचा, एवढंच करायचं होतं.

*

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या पोरांनी फुटबॉलची टूर्नामेंट भरवली. कांदा काढून मोकळं झालेलं आमचंच रान, टोमॅटोच्या बांबूंचे गोलपोस्ट, पांढऱ्या फक्कीच्या रेघा. प्रमुख पाहुणा चेमा. मी त्याला सांगून ठेवलं होतं, फेटा बांधून घे, नारळ घे, बॉलला एक लाथ मार आणि खुर्चीत बस.

शेतपंपाला त्या दिवशी पहाटेची लाइट होती. अण्णांनी उठून विहिरीवरची मोटर चालू केली आणि पाइपनं सगळं रान भिजवलं. पाहुण्याच्या देशात जसं करतात तसं! आम्ही पोचलो तेव्हा वरचा थर उन्हानं सुकलेला, खालची काळी माती तशीच लोण्यासारखी. अण्णा कोपऱ्यात उभे होते, धोतराला चिखल, चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचा आनंद.

"सांग त्याला, पानी मारलंय," मला म्हणाले.

मी सांगितलं. चेमा खाली बघत राहिला. मग अण्णांकडं गेला, त्यांना मिठी मारली आणि खुर्चीकडं न जाता थेट मधोमध जाऊन उभा राहिला. मी हाका मारत होतो. त्यानं फेटासुद्धा काढला नाही.

दोन पास दिले, काय सुंदर दिले! तिसऱ्या वेळी वळला तेव्हा पाय मातीत रुतून जागेवरच राहिला आणि माणूस वळला. आवाज मला रेघेबाहेर ऐकू आला. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याचा गुडघा बांधला. टेम्पोत चढवताना चेमा अण्णांना एकच म्हणत होता, "ग्राउंड अच्छा. बहुत अच्छा."

*

मॅनेजरसमोर त्यानं सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो.

मॅनेजर माझ्याकडं वळून म्हणाला, "ऐकलंस? मोठ्या स्टेडियममध्ये सुरू झालेलं करिअर फरशीवर संपलं." ऑफिसातले सगळे हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात चेमानं कुबडी माझ्या पायावर टेकवली.

विमानतळावर त्यानं मला जवळ घेऊन बजावलं, खेळ सुटला हे अण्णांना कधी सांगायचं नाही.

मी नाही सांगितलं. गावातही सगळे म्हणत होते, पावण्याचा पाय आदीच अधू व्हता. अण्णा विचारायचे, "पावणं खेळतंय न्हवं?" मी म्हणायचो, "खेळतोय." त्यानंतर मोटर चालू करायला ते कधी गेले नाहीत, माझ्या भावाला पाठवायचे. वय झालं, असं मी समजलो.

*

मागच्या वर्षी अण्णांनी अंथरूण धरलं. एक दिवस म्हणाले, "दत्ता, त्या पावण्याला येकदा फोनवर दाव."

चेमा आता त्याच्या गावच्या छोट्या क्लबात मैदान सांभाळतो. गवत कापतो, रेघा मारतो. मी त्याला आधी कळवलं की अण्णांना वाटतं तू अजून खेळतोस.  तो म्हणाला, "रविवारी फोन कर."

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. चेमानं आमच्या क्लबची जुनी निळी जर्सी घातली होती, पोटावर ताणलेली. पायात बूट, मागं हिरवं मैदान. फोन कशाला तरी टेकवून तो समोर उभा राहिला. मी फोन अण्णांच्या तोंडापुढं धरला.

"खेळताय न्हवं, पावणं?" अण्णांनी विचारलं.

"खेलता है, अण्णा, खेलता है!" त्यानं अंगठा दाखवला आणि डाव्या पायानं बॉल हलकेच ढकलला. ओल्या गवतावरून बॉल लांब पळाला. तो आणायला चेमा वळला आणि चालायला लागला. उजवा पाय दर पावलाला बाहेर फेकला जात होता. त्याच्या मागं गवतात रबरी पाइप पडला होता, पाणी चालूच होतं.

मी फोन बंद करायला गेलो. अण्णांनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर राहिला असेल असं मला वाटलं नव्हतं.

चेमा बॉल घेऊन परत येईपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला म्हनावं, पानी बेतानं मार. बॉल न्हाई पळला तरी चालंल."

"अण्णा क्या बोला?" चेमानं विचारलं.

मी सांगितलं.

 चेमा लंगडत गेला आणि नळ बंद केला.