दुपारचं लोखंड

"सुभेदारांच्या उसात खंदक खणा," साहेबांनी हुकूम सोडला. "खाली लोखंड आहे. मंडेपासून काम सुरू!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका ऑफिसात मी जिऑफिजिसिस्ट होतो. म्हणजे मॅग्नेटोमीटर घेऊन रानोमाळ हिंडायचं आणि जमिनीचं चुंबकत्व मोजायचं. खाली लोखंड असलं की आकडा चढतो. आष्ट्याला सुभेदारांच्या रानात आकडा चढला होता, हे खरं.

फौजेतून रिटायर झालेले सुभेदार तडक ऑफिसात आले. ऊस नुकता कमरेला लागला होता.

"आवं सायेब, माज्या रानात लोखंड म्हंजी माजा नांगर तेवढा! रोज दुपारी तुमच्या मान्सास्नी जेवू घातलं, त्याचं हे पांग फेडलं व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. रोज दुपारी! आम्ही सकाळी ओढ्यापासून मोजत निघायचो आणि जेवणाच्या वेळेला बरोबर सुभेदारांच्या बांधावर. आमच्या सर्व्हेची दिशा त्यांची भाकरी-आमटी ठरवत होती.

भानगड अशी. उन्हामुळे खूप उंचावरच्या विरळ हवेत विजेचे प्रवाह वाहतात. वीज वाहिली की चुंबकत्व आलंच. दुपारी त्याचा जोर, संध्याकाळी उतार. म्हणून दुसरं मशीन एका जागी ठेवून आभाळाचा हा वाटा मोजायचा आणि वजा करायचा. आमचं दुसरं मशीन साहेबांच्या काचेच्या कपाटात होतं. पाहुण्यांना दाखवायला!

ते कपाटातून बाहेर काढू द्या, असं मी तिथंच म्हणालो आणि सुभेदारांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीन मी ऑफिसच्या अंगणात लाकडी तिवईवर मांडलं. सुभेदार शेजारी खुर्ची टाकून बसले. मशीन जागचं हललं नाही. दुपारी आकडा आष्ट्यासारखाच चढला.

"मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले.

"नाही सर. आपल्या ऑफिसखालीसुद्धा लोखंड आहे. मंडेपासून इथंच खणायचं का?"

"कुदळी म्या आणतो," सुभेदार उठलेच. "मान्सं बी हायती."

संध्याकाळी आकडा उतरला, पाठोपाठ साहेबांचा ताठाही. खंदक रद्द झाला. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, 'वरिष्ठांच्या दक्षतेमुळे चूक वेळीच ध्यानात आली.' वा रे दक्षता!

निघताना सुभेदारांनी मला जेवायचं आवतण दिलं.

"पर न्याहारीला या," ते म्हणाले. "दुपारी तुमी आला की माज्या रानात लोखंड उगवतंय."