काकाजींचा बर्फाचा रस्ता

पांढुर्ण्यात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात, नाहीतर लग्नातल्या सरबतात. तरीही बर्फाळ घाटात गाडी कशी हाकावी, याबाबत आमच्या शेजारच्या काकाजींएवढा अधिकारी माणूस अख्ख्या मध्य प्रदेशात सापडायचा नाही. स्वतः त्यांनी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही, आणि बाजाराच्या दिवशी तर तीही हातात धरून पायीच नेतात.

त्यांचा मुलगा अमेरिकेत, डोंगराजवळच्या गावी. हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी तो बायकापोरांना घेऊन बर्फावर घसरायला जायचा. तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. तिकडच्या घाटातल्या कॅमेऱ्याचं चित्र आपल्या फोनवर दिसतं, हा शोध काकाजींना लागला आणि आमच्या गल्लीची शांतता गेली. "बर्फ पडून राहिला! आज टायरले साखळ्या लागतीन, नाहीतं गाडी घसरन!" असं ते ओट्यावरून ओरडले की दूधवाला दचकून आपल्या सायकलीकडे बघायचा. घसरायला इतकं लांब जायचं, याचं मात्र त्यांना नवल वाटे. "मी तं घरच्या न्हाणीतच घसरलो होतो," म्हणायचे.

मुलगा पोचल्याचा फोन येईपर्यंत ते जेवत नसत. ही काकूंची रीत. घरचं माणूस गावाला निघालं की त्या चाकाखाली लिंबू ठेवायच्या आणि पोचल्याची खबर येईपर्यंत आपलं ताट झाकून ठेवायच्या. काकू गेल्या, रीत काकाजींनी धरून ठेवली. एकदा त्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलाला चाकाखाली लिंबू ठेवायला लावलं. थंडीनं त्या लिंबाचा दगड झालेला. गाडी त्यावरून गेली, लिंबू जसंच्या तसं. "थांब, निघू नको! गरम पाण्यात टाक अन् मंग ठेव!" काकाजी इकडून ओरडले. सूनबाईंनी चहाचं आधण त्या लिंबावर ओतलं म्हणे.

मग एका फेब्रुवारीत आमच्याकडे गारा पडल्या. संत्रावाले कपाळाला हात लावून बसले होते आणि काकाजी स्कूटरच्या चाकांना साखळ्यांच्या जागी दोरी गुंडाळत होते.

"काकाजी, हे काय करून राहिले?"

"सराव. उद्या पोरानं बोलावलं तं तयारी पाह्यजे ना!"

चौकापर्यंत जाईतो गारा वितळल्या, दोरी चाकात अडकली आणि काकाजी भाजीवालीच्या मेथीवर बसलेले सापडले. सगळी गल्ली हसली, मीही हसलो. पण मुलाच्या बोलावण्याची ती तयारी कितीतरी हिवाळे चालू होती, आणि बोलावणं काही येत नव्हतं.

यंदा मुलानं नोकरी बदलली आणि समुद्रकाठच्या उबदार शहरात घर घेतलं. तिथं बर्फही नाही आणि घाटही नाही. त्यानं मला फोन केला. "बाबांना सगळं सांगितलंय, तरी तो कॅमेरा बघत बसतात. तुम्ही जरा समजवा." शनिवारी गेलो. काकाजी ओट्यावर बसले होते. फोनमध्ये तोच पांढरा रस्ता, आणि आत ताट झाकलेलं.

"काकाजी, त्या रस्त्यावर आता आपलं कोणीच नाही."

"मले मालूम हाय," ते फोनवरून नजर न काढता म्हणाले. "पण कोणाचा तरी पोरगा जाऊनच राहिला असन ना."

समजवायला गेलेला मी त्यांच्याशेजारी बसून तोच रस्ता बघायला लागलो. फार वाईट वाटलं. मुलाचा रागही आला, पण तोही तिकडे पोटासाठीच राबतोय, म्हणून टिकला नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी बहिणीकडे सौंसरला निघालो. मोटारसायकल काढताना काकाजींच्या ओट्याकडे बघून मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "काकाजी, सौंसरले जाऊन राहिलो." ते लगबगीनं आत गेले आणि लिंबू घेऊन बाहेर आले. ते फुटलेलं पाहूनच त्यांनी मला जाऊ दिलं.

सौंसरला उतरल्याबरोबर फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचला का? रस्ता कसा होता?"

रस्ता कोरडा होता, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा.

"बर्फ होता थोडा," मी म्हटलं. "हळू आलो."

"मंग बरं केलं," काकाजी म्हणाले. "जेवतो आता."

ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला.